माझा पाय ब्रेकवर नव्हता

२१ ऑगस्ट, गुरुवार

अंगणवाडीचं एक कोरं रजिस्टर घरात उरलं होतं, त्यात आजपासून लिहिते. वजन, उंची, दंडाचा घेर असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्यावरूनच लिहीन. अठ्ठावीस वर्षं गावच्या लेकरांची वजनं लिहिली, आता थोडं माझं.

मी विमल. वय एकोणसाठ. नवऱ्याचं नाव सदाशिवराव. तोंडानं हे नाव कधी घेतलं नाही. वहीत घेते, कोण अडवतं पाहू.

गाडी सात सीटची, पांढरी. आमचा रजत नागपूरला नोकरीत आहे, त्यानं चार वर्षांपूर्वी घेऊन दिली. आधी सदाशिवराव चालवत. मग साखरेनं डोळे अधू झाले आणि डॉक्टरनं मनाई केली. आठ महिने गाडी लिंबाखाली उभी होती, कोंबड्या बॉनेटवर झोपायच्या. मला बघवेना. सत्तावन्नाव्या वर्षी शिकले, यवतमाळला परीक्षा दिली, पहिल्याच खेपेला पास. तेव्हापासून किल्ली माझ्याकडं. गावात चारचाकी चालवणारी बाई मी एकटीच, आणि हे गावाला अजून पचलेलं नाही.

उद्या पोळा. आमचे कवड्या आणि गुल्या तीन वर्षांपूर्वी विकले. ट्रॅक्टर आला, मग बैल कशाला, असं रजतनं ठरवलं, मी हो म्हटलं आणि सदाशिवराव काहीच बोलले नाहीत. आज खांदशेकणी. बैलवाले संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, वर्षभर जू वाहून खांदे सोलतात ना. आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. आमच्याकडं आता शेकायला खांदेच नाहीत.

सकाळी काढलेलं वाटीभर लोणी गायब आहे. मांजर. हळदीचा डबाही उघडा होता. मांजर हळद खात नाही, पण डबा मीच उघडा टाकला असेल.

सदाशिवराव संध्याकाळभर गाडीजवळ वाकून काहीतरी करत होते. विचारलं तर काही नाही म्हणाले. मला माहीत आहे काय शोधतात. मी गाडी कुठं घासली का ते. शोधा म्हणावं, एक ओरखडा सापडला तर दाखवा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. सकाळी नंदाबाईला घेऊन तालुक्याला, नेरला गेले. नंदाबाई म्हणजे माझी अंगणवाडीची मदतनीस, आता दोघी घरी. माझ्या बाजूच्या सीटवर बिनधास्त बसणारी गावात तीच एक.

जाताना ब्रेक थोडा गुळगुळीत वाटला. येताना वाजायला लागला. साधा नाही, कुईंऽऽ करून, ऐकणाऱ्याचे दात आंबावेत असा. आणि वाजावा कुठं तर पोळ्याच्या तोरणाजवळ, जिथं अख्खा गाव बैलं सजवून उभा. एक बैल बुजला. शेजारचा उकंडा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, बाईनं हाकली तं गाडी कोकलनारच. मी काच खाली करून विचारलं, तुझ्या घरी रोज कोण कोकलते आन् कोनामुळं? लोक हसले, पण एकट्या त्याला नाही, दोघांनाही.

घरी येऊन चाकं पाहिली. डाव्या चाकाच्या फटीत पळसाचं पान अडकलेलं. वाटलं हेच वाजत असेल. काढून फेकलं, चक्कर मारली. नाही, आवाज तसाच.

२४ ऑगस्ट, रविवार

रजतचा फोन आला. गावातल्या कोणीतरी व्हिडिओ पाठवला, बैल बुजतो तो. म्हणाला, आई, तू ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत असशील, नवीन शिकणारे सगळे तेच करतात. मी म्हटलं दोन वर्षं झाली शिकून. त्याचं ठरलेलंच होतं. दसऱ्याला येतो, गाडी नागपूरला घेऊन जातो, तुम्हाला लागेल तेव्हा ड्रायव्हरची गाडी सांगून देत जाईन. मग आवाज हळू करून म्हणाला, बाबांचंही आजकाल काही खरं नाही, दोनदा मोटर चालू ठेवून वावरातून आले. वावर ठेक्यानं देऊ, दोघंही इकडंच या.

म्हणजे ब्रेक वाजला डाव्या चाकाचा आणि उचलायचं आम्हाला दोघांना.

मी अठ्ठावीस वर्षांत तराजूवर ठेवल्याशिवाय एका लेकराला कुपोषित म्हटलं नाही. आणि हा नागपुरात बसून, चाकाला हात न लावता सांगतो की माझा पाय वाईट. मी त्याला स्पष्ट सांगितलं. आवाज कशाचा ते दसऱ्यापर्यंत मी शोधून दाखवते. माझ्या पायाचा निघाला तर किल्ली तुझ्या हातात देईन. दुसऱ्या कशाचा निघाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तो हसला, म्हणाला ठीक आहे, पण नक्की कारण पाहिजे, नुसता आवाज गेला असं चालणार नाही.

सदाशिवराव समोर बसून सगळं ऐकत होते. एक शब्द नाही. गाडी गेली तर त्यांना बरंच वाटेल. बायकोनं नेलेल्या गाडीत बसायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो, मागच्या सीटवर बसतात आणि खिडकीबाहेर पाहतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नोंद. सकाळी थंड गाडी: वाजत नाही. चार-पाच ब्रेकनंतर: वाजते. हळू दाबला: जास्त. जोरात दाबला: कमी. मागं घेताना: नाही. नंदाबाईला शाळेच्या भिंतीजवळ उभं केलं आणि तिच्याजवळून तीनदा गाडी नेली, भिंतीवरून आवाज परत येतो म्हणून. ती म्हणते पुढून येतो, डावीकडून जास्त.

३१ ऑगस्ट, रविवार

आज पायाचं वजन केलं. नंदाबाईनं नेरपर्यंत रस्त्याकडं पाहिलंच नाही, फक्त माझ्या पायाकडं. पाय ब्रेकवर गेला की हातातल्या कागदावर रेघ, आणि उगाच टेकून राहिला तर फुली. बारा किलोमीटर. रेघा एकतीस, फुली एकही नाही. गुरं आडवी आली तेव्हाच्या नऊ रेघा त्यातच आहेत. दोघींनी सह्या करून तारीख घातली. रजतला फोटो पाठवला. त्यानं हसरा चेहरा पाठवला. हसरा चेहरा हे उत्तर आहे का?

४ सप्टेंबर, गुरुवार

यवतमाळला मोठ्या गॅरेजात गेलो. सदाशिवरावांना मुद्दाम सोबत घेतलं, आणि तीच चूक झाली. गणवेशातला माणूस मी बोलत असताना त्यांच्याकडं पाहत होता. मी सांगते थंड असताना वाजत नाही, तो त्यांना विचारतो, सर, किती किलोमीटर झाले? मी सांगते डावीकडून जास्त, तो म्हणतो, सर, बसून घ्या, चहा घ्या. सदाशिवराव शेवटी म्हणाले, गाडी थे चालवते, थिले विचारा. तेवढं बोलले, त्यांच्या मानानं ते भाषणच झालं. मला वाटलं टोमणा मारला.

दोन तासांनी गाडी मिळाली. पुढचे पॅड बदलले. ते खराब काहून झाले विचारलं तर गणवेशवाला म्हणाला, मॅडम, ब्रेकवर पाय ठेवू नका. मी रेघांचा कागद काढला. त्यानं वाचला नाही. मी त्याच्या टेबलावर तो ठेवून निघाले आणि दारातून परत जाऊन उचलून आणला, पुरावा आहे तो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आवाज बंद. सदाशिवरावांनी दोनदा विचारलं, आता वाजत नाई ना? एवढी चौकशी कशाला कोण जाणे. कदाचित वाजावा अशीच इच्छा असेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस पाऊस. सकाळी गाडी काढली तर पहिल्या ब्रेकला बारीक करकर झाली, दुसऱ्याला झाली नाही. पाण्यानं चढलेला गंज असेल, निघून गेला. सदाशिवराव अंगणात दात घासत होते, त्यांनी ब्रश तोंडातच ठेवून माझ्याकडं पाहिलं.  मनात म्हटलं, खुश झालात.

११ सप्टेंबर, गुरुवार

दार लावून लिहिते.

नेरकडं जाताना नाल्याआधी उतार आहे. शेळ्या रस्त्यावर होत्या. ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण तिला पाहिजे तिथं, मला पाहिजे तिथं नाही. लोण्यावरून सुरी घसरावी तशी घसरत गेली आणि मग कर्कश ओरडून शेवटच्या शेळीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. नंदाबाईनं डोळे मिटलेले. शेळीवाल्या पोरीनं मला एक शब्द शिवी दिली नाही, ती नुसती पाहत राहिली, ते जास्त लागलं.

परत येताना पहिल्या गिअरमध्ये आणली. घरी कोणाला सांगितलं नाही. नंदाबाईला शपथ घातली. सांगितलं तर आजच किल्ली जाईल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

खरं लिहायचं तर काल रात्री विश्वास डळमळला. पॅड नवे, आणि आठवड्यात पुन्हा तेच. गाडी तीच, रस्ता तोच, बदलण्यासारखं काय उरलं? मीच. रात्रभर पाय हलवून पाहिला, जसा दुसऱ्या कोणाचा आहे. नंदाबाई माझी मैत्रीण, तिनं फुल्या मारल्याच नसतील तर?

मग सकाळी वाटलं, नाही. तिनं मला अंगणवाडीत कधी एक ग्रॅम खोटा लिहू दिला नाही. आता काय लिहू देईल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नेरला भावसिंग राठोडचं गॅरेज आहे, पत्र्याचं. तो जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या दोन्ही मुली माझ्या अंगणवाडीत नव्हत्या, म्हणजे ओळखीचा फायदा नाही. गाडी रांगत नेली. त्यानं पहिला प्रश्न मलाच विचारला, काकू, कवा वाजते? मी रजिस्टर उघडलं. त्यानं सगळी नोंद ऐकली, मध्ये बोलला नाही. अशा माणसाला मी गणेशोत्सवाच्या मखरात बसवीन.

जॅक लावला, चाक काढलं, आतल्या लोखंडी डिस्कवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं. मग माझ्या नाकाजवळ आणलं. मी दहा वर्षं लेकरांना एरंडेल पाजलं आहे. तो वास मला झोपेत कळेल.

"काकू, हे तेल कोन टाकून राह्यलं?" भावसिंग म्हणाला. "गाडीतलं नाई हे. बाहेरून टाकलं कोनीतरी. डिस्कले तेल लागलं का पॅड पिऊन घेते. मग ब्रेक पकडत नाई, तापला का ओरडते. तुमच्या पायाचा काई संबंध नाई."

काई संबंध नाई. त्याला म्हटलं, हे पुन्हा एकदा म्हण. त्यानं म्हटलं.

थिनरनं डिस्क धुतल्या, पॉलिश पेपर मारला, पॅड पुन्हा नवे बसवले. सांगितलं की दोन-चार दिवस नवे पॅड थोडं कुईकुई करतील, बसले का बंद होईल. आणि तेल टाकणारा शोधा, नाहीतर मी जन्मभर पॅड बदलत बसेन.

गावात माझं वाईट चिंतणारं कोण आहे? सांगायला लागतं का?

१८ सप्टेंबर, गुरुवार

उकंडाच्या ओट्यावर जाऊन भांडून आले. बारा लोक जमले होते, सगळ्यांसमोर विचारलं, माह्या गाडीच्या चाकात एरंडेल काहून टाकतो? जीव घ्यायचा होता का? तो ओरडला, मी ओरडले. तो म्हणाला, मले तुमच्या चाकाशी काय करायचं, मले तर गाडीचं दार उघडता येत नाई. मी म्हटलं चाकाला दार लागत नाही. त्याची बायको मध्ये पडली म्हणून थांबले.

सदाशिवराव घरी आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. शेजाऱ्याशी भांडलेलं आवडलं नसेल. न आवडो.

२१ सप्टेंबर, रविवार

दुपारी गाडी अंगणात उभी केली. नवे पॅड थोडे कुईकुई करत होते, भावसिंग म्हणाला होता तसे. मी मुद्दाम जोरात म्हटलं की झोपते आता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. उकंडा येईल, रंगेहाथ धरीन, सगळा गाव जमवीन असं ठरवलं होतं.

उकंडा आला नाही. बैलांच्या रिकाम्या कोठ्यातून सदाशिवराव आले. हातात एरंडेलाची बाटली आणि काडीला गुंडाळलेली चिंधी. डाव्या चाकाशी गुडघे टेकून बसले, डोळे बारीक करून फट शोधली आणि काडी आत घातली. अगदी हळू, लेकराच्या कानात औषध घालतात तसं.

मी बाहेर गेले तर दचकलेही नाहीत, मान खाली घातली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट बोलले. मला गाडीतून उतरवायसाठी एवढं करायचं? तोंडानं सांगायचं होतं ना.

तेव्हा ते बोलले. चाळीस वर्षांच्या संसारात एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. जसं आठवतं तसं लिहिते.

"बंडीचं चाक वाजलं का आपन वंगन देतो. नाई देत का? वाजते म्हंजे कोरडं झालं. तुही किल्ली जाऊन राह्यली होती. मले काय दिसत नाई? जेवढ्या वेळा वाजलं तेवढ्या वेळा देल्लं."

आणि पहिल्यांदा, पोळ्याच्या आधी? तेव्हा तर वाजत नव्हती, मी विचारलं.

"थे खांदशेकनी होती," ते म्हणाले. "लोनी आन् हयद. वर्षभर राबली थे, तुले नेलं, आनलं, एक दिवस रुसली नाई. बैलाले आपन हात लावतो, हिले कोन लावन? आता गाडीले खांदा कुठं असते मले काय मालूम. जिथं घासते थोच खांदा, म्हनून चाकाच्या आतल्या चकतीले लावलं."

मी तरीही ओरडले. म्हटलं नाल्याच्या उतारावर नंदाबाई आणि मी मेलो असतो. हे त्यांना माहीत नव्हतं, मीच लपवलं होतं. ते होते तिथं मातीत बसले. बाटली लवंडली, ती त्यांनी उचलली नाही. मग त्यांना हात धरून उठवावं लागलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सकाळीच भावसिंगकडं जाऊन पुन्हा सगळं धुवून घेतलं. खरं कारण त्याला सांगावंच लागलं. वाटलं तो हसेल आणि तांडाभर करेल. तो हसला नाही. म्हणाला, आमचे पुरखे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, याडी, आमच्या घरी बैल मेला तर चूल पेटत नसे. त्यांच्या भाषेत याडी म्हणजे आई. काकूवरून मी याडीवर कधी गेले ते कळलं नाही. कोणाला सांगणार नाही म्हणाला.

आता पेच असा आहे. रजतला नक्की कारण पाहिजे. कारण माझ्याजवळ आहे, बोटावर आहे, नाकात आहे. सांगितलं तर किल्ली माझी. पण त्याच तोंडानं तो म्हणेल, पाहा, मी म्हणतच होतो, बाबांचं काही खरं नाही, हे उद्या काय करतील. आणि नेईल त्यांना. नागपूरला, त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात. तिथं ते गॅलरीत उभे राहून खालच्या गाड्यांची चाकं मोजतील.

मी ठरवलं, सांगायचं नाही. गाडी गेली तर जाऊ दे, एस.टी. कुठं मेली नाही. पण राग आहे. दोन वर्षं मी हात थरथरू न देता गाडी चालवली, माझा पाय स्वच्छ आहे हे आता मला पक्कं माहीत आहे, आणि तरी मान खाली घालून किल्ली द्यायची. सदाशिवरावांना बजावलं, दसऱ्याला तोंड उघडलं तर याद राखा. ते हाव म्हणाले.

२९ सप्टेंबर, सोमवार

उकंडाकडं गेले. माफी मागायला माझी जीभ वळत नाही, म्हणून आधी डबाभर शंकरपाळे ठेवले. मग म्हटलं, तुझं नव्हतं. कोणाचं होतं विचारू नको. त्यानं एक शंकरपाळा खाल्ला, साखर कमी आहे म्हणाला. मिटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी दहाला रजत आणि निकिता, आमची सून, आले. मी गाडीची पूजा करून ठेवली होती, झेंडू बॉनेटवर. चाकांना फक्त पाणी.

रजतनं चहासुद्धा घेतला नाही, आधी गाडी घेऊन नाल्यापर्यंत जाऊन आला. एक आवाज नाही. उतरला आणि मान हलवली, खरंच बंद झाला म्हणाला. मग विचारलं, काय होतं?

मी म्हटलं डिस्कला तेल लागलं होतं.

तो म्हणाला, कुठून लागलं? मी म्हटलं लागलं होतं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तो थकल्यासारखा हसला. म्हणजे माहीत नाही. आई, आपलं ठरलं होतं. आणि गाडीतून काढलेली किल्ली त्यानं स्वतःच्या खिशात टाकली. भांडून नाही, अगदी सहज. मला त्या सहजपणाचाच संताप आला. पण बोलायला गेले की सदाशिवरावांचं नाव निघणार, म्हणून ओठ चावून उभी राहिले. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नाही.

तर ओसरीवरून सदाशिवराव उठले. मी डोळ्यानं खूण केली, बसा. त्यांना एवढ्या लांबून माझे डोळे दिसत नाहीत, की दिसले, देव जाणे. काठी न घेता अंगणात आले.

"तेल मी टाकलं," ते म्हणाले. "पोयाच्या आदल्या दिवशी लोनीबी मीच लावलं. मंग वाजली तं वंगन देल्लं, दोनदा-तीनदा."

रजतनं निकिताकडं पाहिलं. ते पाहणं मी ओळखते, दवाखान्यात लोक म्हाताऱ्याच्या डोक्यावरून एकमेकांकडं पाहतात तसं. तो हळूच सुरू झाला, बाबा, म्हणूनच मी म्हणतो की तुम्ही आता…

सदाशिवरावांनी त्याला पूर्ण करू दिलं नाही.

"हाव. चुकलं माहं. डोये गेले, डोक्सं बी जात असन. मले नेऊन राह्यला तं ने नागपूरले, आत्ता चालतो. पन थिचा पाय ब्रेकवर नव्हता. कवाच नव्हता. मी मागं बसून दोन वर्सं पायलं."

 मागच्या सीटवरून ते काय पाहत होते हे मला तेव्हा कळलं. मी मेली समजत होते की खिडकीबाहेर पाहतात.

मग मी बोलले. मी रजतला सांगितलं की तुझा बाप कुठंही जाणार नाही. त्यानं चूक केली ती बैलाच्या माणसानं करायची चूक आहे, येड्या माणसाची नाही, आणि फरक कळत नसेल तर भावसिंग राठोडला विचारून ये. तुला कारण पाहिजे होतं, मिळालं. ठरल्याप्रमाणं विषय संपला. आणि हात पुढं केला. मागितली नाही, नुसता हात.

रजतनं खिशात हात घातला. म्हणाला, मी असं नव्हतो म्हणत. निकिता म्हणाली, अहो, द्या ना. त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आत जाऊन चहा मागितला. मी म्हटलं, साखर वर आहे, करून घे.

संध्याकाळी गडीमाणसं शीव ओलांडून आपट्याचं सोनं आणायला निघाली. आपल्याकडं बाया जात नाहीत, घरी ओवाळणीचं ताट घेऊन वाट पाहतात. सदाशिवरावांना सांजेला चालवत नाही, तीन वर्षं ते गेलेच नव्हते. मी गाडी काढली आणि पुढचं दार उघडून धरलं. ते दाराला धरून चढले. मागं निकिता बसली, नंदाबाई बसली, आणि रजत तिसऱ्या ओळीत गुडघे पोटाशी घेऊन, कारण तेवढीच जागा उरली होती.

शिवेजवळ सगळा गाव रस्ता अडवून चालत होता. हळू ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि इतकी गुपचूप की एकाही माणसानं मागं वळून पाहिलं नाही. मग हॉर्न दाबला, चांगला लांब. उकंडानं वळून पाहिलं, बाकीच्यांनी पाहिलं, आणि रस्ता दुभंगला. सदाशिवराव म्हणाले, चाल. मी शीव ओलांडली आणि पलीकडं आपट्याच्या झाडाखाली गाडी नेऊन लावली.